ताईची फांदी

माझ्या भावाचा धंदाच मुळी लोकांना पेचात टाकण्याचा आहे. आमचं चष्म्याचं दुकान आहे. बाहेर काउंटरवर मी फ्रेमा दाखवते आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत तो डोळे तपासतो. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड, गोल फ्रेम चढवायची, तिच्यात एक काच सरकवायची, ती काढून दुसरी सरकवायची आणि विचारायचं, "हे बरं दिसतंय, की हे?" बावीस वर्षं तो हेच विचारतो आहे. त्या खोलीतून बाहेर आलेला माणूस थोडा वेळ तरी सगळ्याच गोष्टींकडे संशयाने बघतो.

यात त्याची एक खोडीही आहे. खोडी हा माझा शब्द, तो त्याला पद्धत म्हणतो. मधेच केव्हातरी तो काच बदलल्यासारखं करतो आणि तीच काच परत घालतो. गिऱ्हाईक म्हणालं, "दोन्ही सारखंच दिसतंय हो," तर तो खूश. पण गिऱ्हाईक जर म्हणालं, "वा, हे फारच छान," तर तो समजून जातो की हा माणूस आपलं मन राखायला बोलतोय, आणि मग पहिल्यापासून सगळं पुन्हा सुरू करतो. आमच्या दुकानात सभ्य माणसांना जास्त वेळ लागतो.

लोकांना असं तोलून-मापून बघणारा हा माणूस स्वतः मात्र काहीही ठरवू शकत नाही. त्याच्याकडे दात घासायचे दोन ब्रश आहेत, कारण रंग ठरेना. ऐन उमेदीत त्याला एकाच आठवड्यात दोन मुली सांगून आल्या. त्याने दोन्ही स्थळांचा इतका बारकाईने विचार केला, की तेवढ्यात दोघींचीही लग्नं झाली. दोन्ही लग्नांना तो गेला, पोटभर जेवला आणि दोन्हीकडे भिंतीवरचं घड्याळ देऊन आला. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण आमचा दोन्हीकडे जेवून आला, एवढाच फरक. त्यातल्या एकीच्या मुलाचा चष्मा आता आम्हीच बनवतो.

माझंही लग्न झालेलं नाही. त्याचं कारण फार मोठं नाही. आई-वडील गेले तेव्हा दुकान होतं, आणि दुकानात हा होता. स्क्रू कुठल्या खणात आहेत, कुठल्या गिऱ्हाइकाचा चष्मा तयार झाला, जेवायची वेळ झाली का, हे सगळं त्याने मला विचारायचं आणि मी सांगायचं, असं आमचं बसून गेलं. मी एकोणपन्नास, तो त्रेचाळीस. मी त्याला धाकटा म्हणते.

तर असा हा धाकटा एके दिवशी दुपारी, दुकान सुस्तावलेलं असताना, मला म्हणाला, "ताई, मी एक गोष्ट तयार करतोय. वाचणाऱ्यानेच ठरवायचं पुढे काय होणार ते."

मी हातातली फ्रेम खाली ठेवली. "आणि तुझं काय काम त्यात?"

"मी फक्त विचारायचं."

हे खूळ त्याच्या डोक्यात भरवलं मावशींनी. या मावशी आमच्या दुकानाच्या वर जो दातांचा दवाखाना आहे, तिथल्या रिसेप्शनवर बसतात. वय एकसष्ट. त्या दिवसभर फोनवर व्हिज्युअल नॉव्हेल खेळतात. म्हणजे स्क्रीनवर चित्र दिसतं, माणसं उभी असतात, खाली त्यांचं बोलणं उमटतं, मागे संगीत वाजतं, आणि मधेच सगळं थांबून दोन-तीन बटणं येतात: आता काय करायचं? जे बटण दाबाल तशी गोष्ट पुढे जाते. मावशींनी या पद्धतीने आजवर सात राजपुत्रांशी, एका गुप्तहेराशी आणि एका रक्त पिणाऱ्या सरदाराशी लग्न लावलेलं आहे. त्यांचे खरे यजमान घरी असतात आणि त्यांची काही हरकत नाही.

मावशींना नवीन चष्मा हवा होता, तेव्हा त्यांनी फोन धाकट्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ही अक्षरं मला दिसत नाहीत. राजपुत्र काय म्हणतोय?" धाकट्याने वाचून दाखवलं. मग बटणं आली. तो बराच वेळ बघत राहिला. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच असं काहीतरी सापडलं होतं, जिथे एक बटण दाबून चुकलं तर मागे जाऊन दुसरं दाबता येत होतं. मला वाटतं, तो तिथेच गारद झाला.

त्याने फुकट मिळणारा एक प्रोग्राम संगणकावर घेतला, शिकवणारे व्हिडिओ बघितले आणि मावशींना गुरू केलं. गुरूंना संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गोष्टींतलं सगळं कळत होतं. गोष्टीचं नाव ठरलं 'गावाचे चष्मे गेले कुठे?' एका गावात सकाळी सगळे उठतात तर कोणाचाच चष्मा जागेवर नाही. कोणाला काही दिसत नाही. अशा वेळी शोध कोणी घ्यायचा? अर्थात डोळे तपासणाऱ्याने. नायक उंच होता, रुंद खांद्यांचा होता आणि त्याच्या डोक्यावर भरपूर केस होते. "हा कोण?" मी विचारलं. "मी," धाकटा म्हणाला, आणि टक्कल खाजवत पुढे लिहायला लागला.

पहिला भाग तयार झाला तेव्हा मावशी खेळायला बसल्या. नमनाला घडाभर तेल म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. चाळीस मिनिटं झाली तरी एकही बटण आलं नाही. नायक काच कशी घासतात ते सांगत होता.

"अहो डॉक्टर," मावशी म्हणाल्या. तो डॉक्टर नाही, पण त्या ऐकत नाहीत. "मला काहीतरी दाबू द्या हो. वर पेशंट दाढ धरून बसलाय."

मग एकदाची बटणं आली. नायक रस्त्यावर उभा होता. 'डावीकडे जायचं' आणि 'उजवीकडे जायचं'. मावशींनी डावीकडे दाबलं. पुढे विहीर आली. त्या मागे गेल्या, उजवीकडे दाबलं. पुढे तीच विहीर आली. त्यांनी तिसऱ्यांदा करून बघितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दोन्हीकडे विहीरच आहे?"

"हो," धाकटा खुशीत म्हणाला. "तुम्हाला फरक दिसतो का ते बघत होतो."

मी तुम्हाला सांगते, अशी चूक फक्त चष्मेवालाच करू शकतो. त्याने गोष्टीतसुद्धा तीच काच दोनदा घातली होती. आणि एकदा नाही, नऊ ठिकाणी. दोन वेगळी बटणं, दोन्हींच्या मागे एकच मजकूर. मावशींनी त्याला सुनावलं, की माणसं गोष्टीत डोळे तपासून घ्यायला येत नाहीत, आणि त्या वर निघून गेल्या. त्या दिवशी दाढेवाल्याची बरीच आबाळ झाली असणार.

मग त्याने मनावर घेतलं आणि प्रत्येक बटणामागे खरोखर वेगळी गोष्ट लिहायला लागला. अशा प्रत्येक वाटेला तो फांदी म्हणायचा. दोन फांद्यांच्या चार झाल्या, चारांच्या आठ, आठांच्या सोळा, आणि सोळाव्या फांदीवर त्याला चक्कर आली. त्याने बिलबुकाच्या मागच्या कागदांवर सगळ्या फांद्या काढून ते कागद तपासणीच्या खोलीत भिंतीवर लावले होते. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने ते अक्षरांच्या तक्त्याऐवजी वाचायला सुरुवात केली: "नायक... विहिरीत... उतरतो..." धाकट्याने त्यांचा नंबर त्यावरच काढला. चष्मा बरोबर झाला, पण ते काका अजून विचारतात, पुढे काय झालं म्हणून.

फांद्या आवरायचा उपाय मावशींनीच सांगितला. सगळ्या फांद्या शेवटी एका खोडाला आणून बांधायच्या, म्हणजे पसारा वाढत नाही. धाकट्याने खोड म्हणून मला घेतलं.

त्याआधी माझे फोटो काढून झाले होते. त्याला चित्र काढता येत नाही, म्हणून प्रोग्रामबरोबर फुकट आलेला नायक सोडला, तर गोष्टीतली माणसं आमचीच होती. मावशींना त्याने खलनायिका केलं होतं आणि त्या भलत्याच खूश होत्या. मला त्याने आरशाशेजारच्या पांढऱ्या भिंतीला उभं करून पाच भाव करायला सांगितले: आनंद, दुःख, राग, आश्चर्य आणि विचारात पडलेली. मी मनापासून केले. फोटो बघितले तर पाचही रागाचे होते. आनंदाच्या फोटोत तर मी कोणाला तरी घराबाहेर काढायला निघाल्यासारखी दिसत होते. "चालेल," तो म्हणाला. "तू गोष्टीतही ताईच आहेस."

तर खोड हे होतं: ताई काउंटरवर उभी आहे. नायक कुठल्याही फांदीवरून गेला, तरी शेवटी स्क्रीन काळी व्हायची आणि ताई काउंटरवर यायची. नायक जंगलात हरवला, की झाडांच्या मधोमध काउंटर आणि त्यामागे मी. नायक बोटीतून समुद्रात गेला, की लाटांवर काउंटर. एका फांदीवर तर खलनायिकेने नायकाला ठार मारलं. स्क्रीन काळी झाली, दुःखी संगीत वाजलं, आणि मी रागाने आनंदी होऊन म्हणाले, "आलास? चहा झालाय." मावशी हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

पण त्या दिवसांत माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्याला कारण होते पोहण्याचे सर.

हे सर पलीकडच्या तरण तलावावर पोहायला शिकवतात. वय त्रेपन्न, बायको जाऊन आठ वर्षं झालेली, मुलं नाहीत. त्यांना पाण्यात घालायला नंबरचा चष्मा हवा होता. तो आम्ही करून दिला. महिन्याने ते दुसरा घ्यायला आले, मग तिसरा. एका माणसाला पाण्यात असे किती चष्मे लागतात? पण ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची रीत फार सभ्य होती. ते फ्रेम बघायचे, मी फ्रेम दाखवायची, आणि अर्धा तास आम्ही फ्रेम सोडून सगळ्यावर बोलायचो. त्यांच्या अंगाला तलावातल्या औषधाचा वास येतो. मला तो वास आवडायला लागला हे मी कोणाला सांगणार?

चौथ्या चष्म्याच्या वेळी त्यांनी सांगितलं की त्यांची बदली झाली आहे. दुसऱ्या शहरात मोठा तलाव बांधलाय, छपराखालचा. राहायला क्वार्टर मिळणार होतं. ते काउंटरवरच्या आरशाकडे बघत म्हणाले, "एकट्याचं क्वार्टर घ्यायचं की दोघांचं, हे मला तीस तारखेपर्यंत कळवायचंय. तुम्ही सांगाल तसं कळवतो."

मला पोहता येत नाही. पहिल्यांदा तेच डोक्यात आलं, आणि मी तेच बोलले. ते म्हणाले, "क्वार्टर जमिनीवर आहे." 

मी विचार करून सांगते म्हणाले. खरं म्हणजे विचार झालेलाच होता. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मला त्याची लाज वाटत होती. पण मी गेले तर धाकट्याचं काय? ज्याला दात घासायच्या ब्रशाचा रंग ठरवता येत नाही, त्याला दुकान ठरवता येईल? मी मूग गिळून गप्प बसले. सर रोज तलावावर जाताना दुकानासमोरून जायचे, आत बघायचे आणि काही न विचारता पुढे जायचे. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बावीस तारखेला दुपारी धाकट्याने मला संगणकासमोर बसवलं. मावशींनी अट घातली होती, की गोष्टीत प्रेम नसेल तर यापुढे त्या खेळणार नाहीत. म्हणून त्याने नवीन फांदी लिहिली होती. मी खेळायला लागले. गावात एक गूढ प्रवासी आला. त्याचा चेहरा दिसला आणि माझ्या हातातून माऊस सुटला. पोहण्याचे सर होते. धाकट्याने त्यांचा फोटो कधी काढला कोण जाणे. प्रवासी काउंटरसमोर उभा राहिला आणि खाली अक्षरं उमटली: 'माझ्याबरोबर येता?'

दोन बटणं आली. 'जाते' आणि 'नाही जात'.

माझे कान गरम झाले. मी 'जाते' दाबलं. स्क्रीन काळी झाली, बासरी वाजली, आणि काउंटर आला. काउंटरमागे मी. 'पुढचं गिऱ्हाईक कोण?'

मी मागे जाऊन पुन्हा 'जाते' दाबलं. पुन्हा काउंटर. 'नाही जात' दाबलं, तरी काउंटर. मी पाच वेळा गेले आणि पाचही वेळा परत आले. माझा संताप अनावर झाला. मला वाटलं, याला सगळं कळलंय आणि तोंडाने बोलायची हिंमत नाही म्हणून संगणकाकडून बोलवतोय, की ताई, तू कुठेही गेलीस तरी तुझी जागा हीच.

"तुला काय म्हणायचंय ते सरळ तोंडाने सांग," मी म्हणाले.

"कशाबद्दल?"

"हे असं आडून आडून कशाला? मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही."

"कोणाला?" धाकट्याने विचारलं.

मी त्याच्याकडे बघितलं. बावीस वर्षं लोकांचे डोळे बघणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांत काहीही नव्हतं. त्याला खरोखर काही माहीत नव्हतं. सरांचा फोटो त्याने घेतला होता, कारण दुकानात सारखे येणारे तेवढेच एक होते. माझी आणि त्यांची जोडी जुळवली होती, कारण त्याच्याकडे दोनच चेहरे शिल्लक होते. आणि मी परत येत होते, कारण सगळ्या फांद्या खोडाला बांधलेल्या होत्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. माझं बिंग मीच फोडलं होतं.

मग मी सगळं सांगितलं. क्वार्टर, तीस तारीख, चार चष्मे. तो काचांची पेटी पुढ्यात ओढून एक एक काच पुसत ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "माणूस चांगला आहे. उजवा डोळा जरा कमजोर आहे."

"एवढंच?"

"डावा उत्तम आहे," तो म्हणाला, आणि आत गेला.

त्यानंतर आठवडाभर तो त्यावर एक अक्षर बोलला नाही. मी वाट बघत होते. तो 'जा' म्हणाला असता तर मी रडले असते, 'नको जाऊस' म्हणाला असता तर भांडले असते, पण काहीतरी झालं असतं. तो मात्र गिऱ्हाईक नसेल तेव्हा संगणकासमोर. मला वाटलं, बहिणीचा जीव टांगणीला लागलाय आणि हा चष्मे शोधतोय. मी दोन दिवस त्याला बेचव जेवण वाढलं. त्याला कळलं नाही. मावशींना मात्र सगळं कळलं होतं. जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "मी तर पहिल्या भेटीतच हो म्हणते." मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला मागे जाता येतं."

एकोणतीस तारखेला दुपारी त्याने दुकानाच्या दारावर 'पंधरा मिनिटांत येतो' अशी पाटी लावली. ही पाटी आजवर मीच लावत आले होते. मला खुर्चीत बसवून तो मागे उभा राहिला.

"ही नवीन फांदी," तो म्हणाला. "खोडाला बांधलेली नाही. ताईची फांदी."

प्रवासी आला. 'माझ्याबरोबर येता?' मी 'जाते' दाबलं. स्क्रीन काळी झाली. मी श्वास धरून काउंटरची वाट बघत होते. काउंटर आलाच, पण त्याच्यामागे मी नव्हते. खाली अक्षरं उमटली: 'दुकान उघडून दहा मिनिटं झाली आहेत. ताई गेली आहे. तू एकटा आहेस.'

आता मी नायक होते. या वेळी नायक उंच नव्हता. धाकट्याने स्वतःचाच फोटो घातला होता, टकलासकट. एक बाई चष्मा घ्यायला आल्या. त्यांचा चष्मा कुठल्या पाकिटात आहे ते नायकाला माहीत नव्हतं. बटणं आली: 'ताईला फोन करायचा' आणि 'स्वतः शोधायचं'.

मी अर्थातच फोन दाबला. अक्षरं आली: 'ताई पोहायला शिकते आहे. स्वतः शोध.' आणि तीच दोन बटणं परत.

मी पुन्हा फोन केला. 'ताई पोहायला शिकते आहे. स्वतः शोध.' पुन्हा केला. पुन्हा तेच. झक मारत मी स्वतः शोधायला गेले. नायक चुकीचं पाकीट उघडत होता, बाईंना कोणा आजोबांचा चष्मा लावून बघत होता, माफी मागत होता. दुपारी तो जेवायचं विसरला. संध्याकाळी दोन फ्रेमांमध्ये कुठली दाखवायची ते त्याला ठरेना, तर त्याने डोळे मिटून एक उचलली, आणि गिऱ्हाइकाला ती आवडली. प्रत्येक ठिकाणी फोनचं बटण होतं, आणि प्रत्येक ठिकाणी मी ते दाबत होते. नऊ वेळा दाबलं. नऊही वेळा मी पाण्यात होते. दिवस संपला तेव्हा त्याने दुकान बंद केलं, कुलूप ओढून बघितलं, पुन्हा एकदा ओढून बघितलं आणि घरी गेला. खाली लिहिलं होतं: 'दिवस पहिला संपला.' एवढंच. चष्मे सापडले नाहीत, कोणी मेलं नाही, संगीतसुद्धा वाजलं नाही.

मला फार राग आला. का ते सांगते. त्याचं माझ्यावाचून इतकं अडलं, आणि तरी भागलं. दोन्हींचा राग आला.

"हे फोनचं बटण कशाला ठेवलंस मग?" मी म्हणाले. "दोन्हीकडे शेवटी तेच आहे. जुनी खोड गेली नाही तुझी. आणि मी इतकी वाईट आहे का? तू फोन केलास तर मी उचलणार नाही?"

"तू उचलशील," धाकटा म्हणाला. "म्हणूनच बंद ठेवलाय."

मला पुढचं काही दिसेना. तो चष्मेवाला असूनही त्याला यावर काही सुचलं नाही. त्याने काचा पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं आणि मी त्याने नाक पुसलं.

मग मी तलावावर फोन लावला. पहारेकऱ्याने उचलला. म्हणाला, सर पाण्यात आहेत, वर्ग चालू आहे.

"त्यांना निरोप द्या," मी म्हणाले. "सांगा, दोघांचं."

"काय दोघांचं?"

"एवढंच सांगा. त्यांना कळेल."

"नाव काय सांगू?"

"काही सांगू नका हो. फक्त दोघांचं म्हणा."

त्याने फोन तसाच बाजूला ठेवला असावा. त्याचा आवाज लांब लांब गेला, पाण्यावर घुमला, "सर, दोघांचं! दुकानातल्या बाई म्हणतायत, दोघांचं!" म्हणजे त्याला कोण बोलतंय ते पहिल्यापासून माहीत होतं, आणि आता पाण्यातल्या वीस-पंचवीस माणसांनाही झालं. मग शिट्टी वाजली, वर्ग सुटताना वाजते तशी, लांबलचक. घड्याळात बघितलं तर वर्ग संपायला अजून वीस मिनिटं होती.

मी फोन ठेवला तेव्हा दारावर कोणीतरी टकटक करत होतं. आमची पंधरा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. धाकट्याने पाटी काढली. एक गृहस्थ आत आले, एका हातात चष्मा आणि दुसऱ्या हातात त्याची निखळलेली काडी. स्क्रू पडला होता.

धाकट्याने सवयीने माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीत बसून होते, दोन्ही तळहात मांडीखाली दाबून. मी छताकडे बघायला लागले. मग त्याने पहिला खण उघडला, त्यात फडकी होती. दुसरा उघडला, त्यात नाकावरच्या रबरी गाद्या होत्या. मग तो खाली वाकला, भिंतीजवळचा मोठा खण उघडला, त्यातलं सगळं बाहेर काढलं, सगळं परत आत ठेवलं. गृहस्थ भले होते, म्हणाले, सावकाश होऊ द्या. अकरा मिनिटं लागली. स्क्रू माझ्या गुडघ्याजवळच्या खणात होते, डाव्या बाजूला, निळ्या डबीत. मी सांगितलं नाही.